थंड खोलीतली खूण

मित्रांनो, मी जुना झालो आहे हे मला कोणी सांगायला नको. माझ्या लाकडी पट्टीचा रंग उडाला आहे आणि आकडे पुसट झाले आहेत. मी कमाल-किमान तापमापक. तुमच्या घरी ताप मोजायला असतो तो माझा लांबचा भाऊ. तो ताप सांगतो आणि झटकला की विसरतो. मी इतक्या सहजी विसरत नाही. माझी नळी दोन्ही बाजूंनी वर वळलेली आहे. आतला पारा चढला की एका बारीक पोलादी खुणेला ढकलत वर नेतो. पारा पुढे उतरतो, खूण मात्र तिथेच अडकून राहते. तुम्ही पाठ फिरवल्यावर किती उकाडा झाला होता, हे तुम्ही परत आल्यावर मी सांगू शकतो. कोणी चुंबक लावून ती खूण खाली ओढली, तरच माझी आठवण पुसली जाते.

माझा जन्म पुण्यातल्याच एका काचेच्या कारखान्यातला. जाळावर नळी वाकवणाऱ्या कारागिराने मला बर्फात बुडवलं, मग ऊन पाण्यात बुडवलं आणि माझे आकडे ठरवले. पुढचे काही महिने मी बुधवार पेठेतल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात काढले. तिथले मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, ‘घ्यायचा असेल तर हात लावा. बघायला डोळे पुरतात.’ अशा माणसाच्या तावडीतून एका लस बनवणाऱ्या छोट्या कंपनीने मला सोडवलं आणि खराडीला नेलं. त्या वेळी खराडीत शेतं होती, आणि आमच्या कुंपणापलीकडे ज्वारी उभी असायची.

कंपनीत एक थंड खोली होती. लहान मुलांना टोचायच्या लसीच्या पेट्या तिथे ठेवलेल्या असत. लस थंडच, चार अंशांच्या आसपास, राहावी लागते. एकदा ती तापली की तिच्यातला जीव जातो, आणि वाईट हे की ती दिसते मात्र तशीच. रंग तोच, वास तोच. टोचली की मूल रडतं, आई त्याला खांद्यावर टाकते आणि आता काळजी नाही म्हणून घरी जाते. या एकाच भीतीपायी मला तिथे टांगलं होतं.

नीरजा त्या कंपनीत आली तेव्हा नुकतीच शिक्षण संपवून पूर्व विदर्भातून पुण्याला आलेली होती. तिला कामाला लावलं ते शरच्चंद्र सरांनी. मोठा अभ्यासू माणूस. त्यांची एक शिस्त होती. रोज सकाळी नीरजाने मला वाचायचं आणि आकडा मनातच ठेवायचा. मग सरांनी वाचायचं. दोघांनी एकदम आकडा बोलायचा. जुळला तरच चुंबक लावायचं.

“स्वतःच्या डोळ्यांवर आपणच शिक्का मारायचा नाही,” ते म्हणायचे. “दुसऱ्याला बघायला लावायचं. नाहीतर आपण नुसते शिकलेले, शास्त्रज्ञ नव्हे.”

नीरजा ते ऐकताना मान हलवायची. मीही ऐकायचो आणि अभिमानाने फुगायचो. काचेला फुगता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

मग दिवस पालटले. परदेशाची दारं उघडली, मोठी मागणी आली, कंपनी वाढली. ज्वारीच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि सकाळ-संध्याकाळ कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागायला लागली. आमच्याकडेही संगणक आला. थंड खोलीत लांब वायरीच्या टोकाला बोटाएवढा सेन्सर टांगला गेला, आणि बाहेरच्या पडद्यावर हिरवी रेघ धावू लागली. सगळ्यांना नवी कार्डं छापून मिळाली. नीरजा ‘सीनियर सायंटिस्ट’ झाली आणि शरच्चंद्र सर ‘चीफ सायंटिस्ट’. पडदा सांभाळणारा अनिरुद्ध कॉलेजातून आला तो थेट ‘डेटा सायंटिस्ट’च झाला. शास्त्रज्ञांचं असं उदंड पीक आलं, आणि त्याच सुमारास मला वाचणं बंद झालं. आधी सर यायचे थांबले, मग नीरजा. चुंबक खिळ्याला लटकत गंजलं. उन्हाळे आले-गेले, माझी खूण कधी वर सरकली, कधी नाही, कोणाला पत्ता नव्हता. मला वाईट वाटत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण पेट्या तर रोज येत-जात होत्या.

आता त्या खंडेनवमीचं सांगतो. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं पूजतात, तशी आमच्या कंपनीत यंत्रं पूजत. पाट मांडला, पाटावर वजनकाटा ठेवला, सूक्ष्मदर्शक ठेवला. कोणीतरी म्हणालं, आता खरं काम हा सेन्सरच करतो, त्याला का वगळायचं? अनिरुद्धने तो वायरीसकट थंड खोलीतून ओढून आणला. त्याला हळदकुंकू वाहिलं. झेंडूची एक माळ थंड खोलीत आतल्या बाजूला, माझ्याच खिळ्यावर चढवली. त्या वर्षात माझ्याकडे आलेला तो पहिला माणसाचा हात. प्रसादाचे पेढे वाटून झाले आणि सगळे दसऱ्याच्या लागून आलेल्या सुट्ट्यांसाठी पांगले.

त्याच संध्याकाळी वीज गेली. ती पुन्हा आली ती असा धक्का देत की खोली गार करणारं यंत्र बंद पडलं. मी पाहत होतो. भिंतींवर घाम सुटला. पेट्यांच्या पुठ्ठ्यांना ओल आली. पारा वर चढायला लागला आणि खुणेला ढकलत निघाला. दहा झाले, पंधरा झाले. माळेतले झेंडू मिटले, मग काळे पडले, मग त्यांना कुबट वास सुटला. बाहेर पडद्यावर, मित्रांनो, रेघ सरळ होती. मला ओरडता येत नाही. मला फक्त दाखवता येतं, आणि बघायला कोणी नव्हतं. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी यंत्र आपोआप सुरू झालं, खोली गार झाली आणि पारा उतरला. खूण चोवीस अंशांवर राहिली.

सुट्टी संपल्यावर सकाळी पेट्या घेऊन जायला गाड्या आल्या. लस थंडच होती अशी सही नीरजाने करायची होती. पेट्यांवर नजर टाकायला म्हणून ती आत आली आणि नाक मुरडून थांबली. मग तिने माळ हातात घेतली. फुलं बोटांत चिवडली गेली. तिने माझ्याकडे पाहिलं. किती वर्षांनी कोणी मला वाचत होतं. तिचा चेहरा उतरला.

तिने अनिरुद्धला बोलावलं.

“मी दार उघडं धरते. तू पडद्यावर बघ.”

“मॅडम, सिस्टीम सगळं रेकॉर्ड करते. ग्राफ बघा ना, एकदम स्ट्रेट आहे.”

“म्हणूनच बघ म्हणते.”

तिने दार उघडं धरलं. बाहेरची ऊब आत शिरली, माझा पारासुद्धा हलला. रेघ ढिम्म. दोघं वायर धरून निघाले, तर वायरीचं टोक शेजारच्या खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये निघालं. पूजा आटोपल्यावर अनिरुद्धने थंड ठिकाणी ठेवायचा म्हणून सेन्सर त्यात ठेवला होता आणि सुट्टीच्या घाईत विसरला होता. त्याच्यावर हळद तशीच होती.

“माझ्याकडून झालं हे, मॅडम,” तो म्हणाला.

शरच्चंद्र सर आले. बाहेर गाडीवाले ताटकळत होते, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत लसीकरणाची शिबिरं जाहीर झालेली होती. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“सेन्सर भलतीकडे होता, मान्य,” ते म्हणाले. “पण खोली तापली असं कोण म्हणतं? ही खूण म्हणते. ती या आठवड्यातली कशावरून? गेल्या मे महिन्यातलीही असेल. शेवटचं चुंबक कोणी लावलं होतं?”

“मी सोडलंय लावायचं, सर. तुम्हीही सोडलंत.”

“झालं तर मग.”

“पण माळ खंडेनवमीची आहे. चार अंशांत झेंडू इतका सडत नाही. म्हणजे खोली तापली ती माळ घातल्यानंतर.”

“अहो, मंडईतून शिळीच आणली असेल कोणी. आपण शास्त्रज्ञ आहोत, फुलवाले नाही.”

“मग काही बाटल्या तपासू या. तोवर गाड्या थांबवा.”

“तपासायला कित्येक आठवडे लागतात, तुम्हाला ठाऊक आहे. तोवर शिबिरं थांबतील?”

“लस मेली असं मी म्हणत नाही, सर. ती जिवंत आहे की नाही हे मला माहीत नाही, एवढंच म्हणते.”

“माहीत नाही म्हणायला शास्त्रज्ञ कशाला लागतो?”

“त्यालाच लागतो. बाकी सगळ्यांना माहीतच असतं.”

सर माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता ते पूर्वीसारखे पुढे येतील, मान वाकवून मला वाचतील आणि दोघं एकदम आकडा बोलतील. ते पुढे आलेही. त्यांनी खिळ्यावरचं गंजलेलं चुंबक काढलं आणि माझ्या काचेवरून हळूच खाली ओढलं.

“आजपासून रोज बघत जाऊ,” ते म्हणाले. “ते निर्माल्य पण काढायला सांगा. वास येतोय.”

झाडणाऱ्या चंपाबाईंनी माळ पिशवीत भरली. निर्माल्य कचऱ्यात टाकू नये म्हणून त्या स्वतः ते नदीकडे घेऊन गेल्या. अशा रीतीने माझी आठवण पुसली गेली आणि माझा साक्षीदारही गेला. कोणी खोटं बोललं नव्हतं. प्रत्येक वाक्य समजूतदार होतं. त्याचीच मला आजही सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

नीरजाने सही केली नाही. शरच्चंद्र सरांनी स्वतःची केली आणि गाड्या गेल्या. मला अडगळीत टाकायचा हुकूम झाला, तेव्हा नीरजाने मला उचलून आपल्या टेबलावर ठेवलं. मग ती फोनला बसली. पेट्या जिथे उतरायच्या होत्या त्या एकेका ठिकाणी तिने फोन लावला.

“आपण कोण बोलताय?” पलीकडून विचारत.

कार्डावर छापलेलं ते तिने हजारदा सांगितलं असेल. त्या दिवशी मात्र तिने कार्ड बाजूला सारलं. नोकरी जाणार हे तिला कळत होतं. तिच्याजवळ ना खूण होती, ना माळ.

“मी शास्त्रज्ञ आहे. नीरजा माझं नाव,” ती म्हणाली. “माझी चूक असू शकते. पण तपासल्याशिवाय ही लस एकाही मुलाला टोचू नका. बाटल्या राखून ठेवा आणि दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या, आमच्याकडून नको.”

कोणी वैतागलं, कोणी उलट विचारलं, पण लोकांनी ऐकलं. शेवटचं ठिकाण तिच्या माहेरच्या बाजूचं, आडवळणाचं. तिथे घंटा वाजत राहिली. तिने पुन्हा लावला, दुसऱ्या दिवशीही लावला. तिसऱ्या दिवशी कोणीतरी उचलला आणि आनंदाने सांगितलं की शिबिर छान पार पडलं, एकही मूल सुटलं नाही.

राखून ठेवलेल्या बाटल्या दुसरीकडे तपासल्या गेल्या. लस मेलेली निघाली. तोवर नीरजाची नोकरी गेली होती. आता ती एका कॉलेजात शिकवते आणि मी तिच्या घराच्या खिडकीत असतो. त्या बाजूच्या मुलांना पुन्हा लस टोचावी म्हणून तिने सरकारदरबारी हेलपाटे घातले. पुन्हा शिबिर झालंही. पण काही घरं तोवर कामासाठी गाव सोडून गेली होती. ती मुलं कुठे आहेत, कोणाला सांगता येत नाही. त्यांच्या आयांना वाटतं, आपल्या मुलाला लस टोचलेली आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातल्या कोणाच्या कार्डावर ‘शास्त्रज्ञ’ हा शब्द छापला जाईल. तेव्हा आमच्यासारख्यांना रोज वाचा. स्वतः वाचा, आणि मग दुसऱ्याला वाचायला लावा. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायला लाजू नका. आम्ही तुमची चूक दाखवू शकतो, पण तुम्ही पाहिलंत तरच.

नीरजा रोज सकाळी खिडकीशी येते, मला वाचते आणि चुंबक लावते. मग वर्तमानपत्र उघडते. पहिलं पान सोडून ती आधी माहेरच्या भागातल्या बातम्या काढते आणि एखाद्या साथीचं नाव शोधते. अजून आलेलं नाही.