दोन विहिणींच्या पोटऱ्या

आमच्या घरातलं कुणी पळताना मागं राहिलं, असं शिरड शहापुरात कुणी सांगून दाखवावं. शेळ्यांच्या मागं पळून पळून आमच्या पायांना वळण लागलेलं. म्हणून माझी नात सीमा पळण्यात जिल्ह्यात पहिली आली तेव्हा मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं विहिणीचं. सुनेची आई, चंद्रभागाबाई, कळमनुरीहून पेढे घेऊन आली अन् ओसरीवर टेकता टेकता म्हणाली, "पाय आमच्याकडचे हायत. पोरीला आता आमच्याकडंच धाडा. तिथं मैदान हाय, शिकवायला सर हायत."

पेढे मी घेतले. पोरगी द्यायची माझी तयारी नव्हती. मुलगा-सून दिवसभर शेतात. सीमा गेली तर घरात मला उलटून बोलणारं उरतं कोण?

"विहीणबाई," मी म्हणाले, "तुमच्या घरचं माणूस पळताना मी एकदाच पाहिलं. लग्नात, पहिल्या पंगतीकडं."

त्याच आठवड्यात नांदेडहून बुद्धभूषण सर शाळेच्या मैदानावर आले. पळताना पायातला कोणता स्नायू कधी आवळतो अन् कधी सैल पडतो, ते मोजायचं त्यांचं शिक्षण चाललं होतं. पोटरीवरचे केस वस्तऱ्यानं काढायचे, स्पिरिट लावायचं, टिकल्या चिकटवायच्या. टिकल्यांच्या वायरी कमरेच्या डबीत, अन् मग कॉम्प्युटरवर रेघा. सीमा पळाली तशा रेघा नाचायला लागल्या.

"सर, या पायाचं कूळ निघंल का यातून?" मी विचारलं.

"कूळ नाही निघत, आजी. पण कोण कसं वेगळं पळतं, ते दिसतं."

मुक्कामाला राहिलेल्या चंद्रभागाबाईनं तेवढंच धरलं. "मग आमचे दोघींचे पाय मोजा. पोरीचे ज्या आजीसारखे निघतील, पोरगी त्या घरी राहील."

"कबूल," मी म्हणाले. मी काय भिते?

सरांनी समजावून पाहिलं, म्हातारं हाड मोडेल म्हणून. पण दोन विहिणी एका बोलावर आल्या की त्यांच्या मधी पडू नये, हे त्यांना कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. आम्ही लुगड्याचे काष्टे आवळले. वस्तरा फिरला. चंद्रभागाबाईला गुदगुल्या झाल्या, मला नाही.

"सावकाश पळा, शर्यत नाही ही," सर म्हणाले. हे त्यांनी कुणाला सांगितलं कोण जाणे. एका हातात पदर, एका हातानं डबी धरून आम्ही सुटलो. ती पुढं झाली की मी रेटायची, मी झाले की ती. लिंबाच्या झाडाशी बराबर पोचलो. दम तिला जास्त लागला होता, हे इथं लिहून ठेवते.

सरांनी तिघींच्या रेघा एकीखाली एक लावल्या. "सीमाची पोटरी पाय टेकायच्या आधीच आवळते. तुम्हा दोघींची टेकल्यावर. ती कुणासारखीच नाही, आजी. शाळेच्या एवढ्या पोरी मोजल्या, एकीची रेघ दुसरीला जुळेना. जुळल्या त्या दोनच."

"कुणाच्या?"

"तुमच्या दोघींच्या."

उभ्या जन्मात मला असं कुणी बोललं नव्हतं.

"मशीन बिघडली असंल," चंद्रभागाबाई म्हणाली. तिचं म्हणणं मला पहिल्यांदाच पटलं.

"एकमेकींकडं बघत पळालात, त्यानंही असेल," सर हळूच म्हणाले.

सीमा पायाच्या टिकल्या सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आजी, तुमी दोघी एकसारख्याच, तर मी इकडं राहिले काय अन् तिकडं राहिले काय. मैदान तिकडं हाय. मी तिकडं जाते."

पाय कुणावर गेले ते मशीनला सांगता आलं नाही. तोंड माझ्यावर गेलंय, त्याला वायर लावायची गरज नाही.

बाजाराच्या दिवशी सीमा अन् विहीण जीपमधे बसल्या. मी सीमाच्या मांडीवर लसणाच्या चटणीचा डबा ठेवला अन् विहिणीला बजावलं, "पोरीला शिळं घालू नका."

"हेच मी तुमाला सांगणार होते," ती म्हणाली, "सुट्टीत येईल तवा."

सीमा दोघींकडं बघून हसून राहिली होती. मी ड्रायव्हरला जीप काढायला सांगितली.