आवाज बेचाळीसवर

सुधाताईंना पुटपुटायची सवय होती आणि गेल्या काही वर्षांत ती चांगलीच सोकावली होती. कारण साधं होतं. चिंतामणरावांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. त्यांच्या तोंडावर, पण त्यांच्यापर्यंत पोचणार नाही अशा बेतानं, सुधाताई वाट्टेल ते बोलून घेत. 'बसले महाराज सिंहासनावर,' असं म्हणत चहाचा कप हातात द्यायचा आणि वर गोड हसायचं. संसारात एवढी मोकळीक फार थोड्या बायकांच्या वाट्याला येते.

पण ही मोकळीक महागात पडत होती. टीव्हीचा आवाज कायम बेचाळीसवर. त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या रोहिणीताईंना बातम्यांसाठी वेगळा टीव्ही लावावा लागत नसे. सुधाताईंचं डोकं दहा मिनिटांत ठणकायला लागे आणि 'भाजी निवडायची आहे' म्हणत त्या उठत. रोज एवढी भाजी येते कुठून, हे चिंतामणरावांनी कधी विचारलं नाही.

हॉलमध्ये दोन आरामखुर्च्या होत्या, एकमेकींना लागून. चिंतामणरावांचं सारं आयुष्य एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्ट करण्यात गेलं होतं. निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी शेजारी शेजारी बसायचं, असं ठरवून दोघांनी या खुर्च्या हौसेनं घेतल्या होत्या. आता त्यातल्या एकीवर वर्तमानपत्रांची रद्दी साठत होती. त्या खुर्चीकडे बघितलं की सुधाताईंना वाईट वाटे, अगदी मनापासून.

सईनं, म्हणजे लेकीनं, बाबांना कानाचं मशीन आणून दिलं होतं. चिंतामणरावांनी ते दोन दिवस लावलं आणि 'भांडी फार वाजतात' म्हणून कपाटात टाकलं. विषय निघालाच तर म्हणत, "मला व्यवस्थित ऐकू येतं. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात." सुधाताईंच्या बाबतीत ते खरंही होतं.

अशात चिंतामणरावांनी नव्या टीव्हीचा ध्यास घेतला. आणि साधासुधा नव्हे, अगदी वरच्या दर्जाचा. "आपल्या टीव्हीत काळा रंग काळा दिसतच नाही," ते जेवताना, फिरताना, देवाला फूल वाहतानासुद्धा सांगू लागले. सुधाताई आधी चिडल्या. चांगला चालता टीव्ही काढून नवा घ्यायचा, तोही काळ्या रंगासाठी! पण सईशी फोनवर बोलताना त्यांना कळलं, की काही नव्या टीव्हींचा आवाज थेट कानाच्या मशीनमध्ये जातो, आणि बाकीच्यांसाठी स्पीकर हळू आवाजात चालू राहतो. मग त्यांचा नूर पालटला. मशीनची डबी पर्समध्ये टाकून त्या नवऱ्याच्या आधी चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

कॉलेज रोडवरच्या शोरूममध्ये महेश नावाचा घोटीकडचा तरुण विक्रेता पुढे आला. "काका, हा बघा. याच्यात काळा म्हणजे लय काळा हे!" चिंतामणराव जे पडद्यापुढे उभे राहिले, ते व्यापाऱ्यानं द्राक्षाचा घड निरखावा तसे निरखतच राहिले. रात्रीचं आकाश, त्यात चांदण्या. खरोखर सुंदर चित्र होतं.

सुधाताईंनी महेशला बाजूला घेतलं. "याला कानाचं मशीन जोडता येतं का? आणि जोडल्यावर मलाही ऐकू येईल ना?"

महेशनं रिमोटवर खटपट करून पाहिलं. "याला नाय जमत, काकू. एकतर मशीनमध्ये, नायतर स्पीकरवर. तो पलीकडचा हे ना, त्याच्यात दोन्ही होतं. पण चित्र म्हणाल तर काळा जरा राखाडीकडं जातो."

राखाडी तर राखाडी! सुधाताई पलीकडच्या टीव्हीपुढे जाऊन त्याचं कौतुक करू लागल्या. "अहो, याचे रंग बघा किती प्रसन्न आहेत!"

"रंगांचं ठीक आहे गं. काळ्याचं काय?"

"काळ्याचं मेलं काय लोणचं घालायचंय," सुधाताई पुटपुटल्या. महेशला हसू आवरेना.

"हाच द्या," चिंतामणरावांनी चांदण्यांकडे बोट दाखवलं.

"काका, पण काकूंना तो आवडलाय."

चिंतामणराव महेशच्या कानाशी वाकले. त्यांच्या मते ते कुजबुजत होते. प्रत्यक्षात त्यांचं बोलणं पार फ्रिज विभागापर्यंत गेलं. "अरे, तिच्यासाठीच घेतोय हा. दोन-तीन वर्षं झाली, माझ्याजवळ बसतच नाही. दहा मिनिटांत उठून जाते. जुन्या टीव्हीचं चित्र तिला आवडत नसणार. हा घेतला म्हणजे बसेल."

सुधाताईंना भडभडून आलं. नवा टीव्ही घ्यायचा, मग गोडीगुलाबीनं मशीन कानात घालायला लावायचं, असा सगळा बेत त्यांनी आखला होता. तो तिथेच गळून पडला. त्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि जन्मात बोलल्या नव्हत्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "चित्राचं काही नाही हो! आवाज सहन होत नाही मला! म्हणून उठते!"

सगळं शोरूम वळून बघू लागलं.

"मग सांगायचंस ना," चिंतामणराव म्हणाले.

"सांगितलं. कितीदा सांगितलं. ऐकलंत कुठं?"

सुधाताईंनी पर्समधून डबी काढून पुढे धरली. चिंतामणरावांनी एकदा चांदण्यांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि मशीन मुकाट्यानं कानात बसवलं. महेशनं ते पलीकडच्या टीव्हीला जोडून दिलं. पडद्यावर कुणीतरी बासरी वाजवत होतं. चिंतामणरावांचा चेहरा हळूहळू सैल पडला.

"आता आवाज कितीवर आहे?" त्यांनी विचारलं.

"चौदावर," महेश म्हणाला.

"हाच द्या," चिंतामणराव म्हणाले. "काळा थोडा कमी आहे, पण चालेल."

नवा टीव्ही भिंतीवर लागला त्या संध्याकाळी सुधाताईंनी खुर्चीवरची रद्दी उचलली, खुर्ची पुसली आणि ऐसपैस बसल्या. मालिका सुरू झाली. अर्धा तास झाला तरी डोकं ठणकलं नाही. शेजारी चिंतामणराव मान वाकडी करून पडद्यावरचा राखाडी शोधत होते.

"म्हातारा हट्टी आहे," सुधाताई सवयीनं पुटपुटल्या, "पण अजून दिसतो मात्र छान."

"म्हातारा कोणाला म्हणतेस?" पडद्यावरची नजर न हटवता चिंतामणराव म्हणाले.

सुधाताई चपापल्या. पन्नाशी उलटल्यावर प्रथमच त्यांच्या गालावर लाली चढली. "ऐकू आलं?"

"सगळं. मशीन सकाळपासून कानातच आहे. चहा देताना महाराज म्हणालीस, तेही."

सुधाताईंनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज आणखी थोडा कमी केला. त्यांना अजून बरंच बोलायचं होतं.