थंड इंजिनातला आवाज

डेपोत त्यांना कोणी कधी नावाने हाक मारली नाही. सगळे कानसेनच म्हणत, आणि तेही वरवर रागावून आतून खूश होत. तीस वर्षं फिटर, त्यातली शेवटची बारा हेड फिटर. बस फाटकातून आत शिरताना हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगायचे, "तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट ढिला आहे, कव्हर काढा." कव्हर काढलं की तिसराच निघायचा. नवे फिटर फिलर गेज, म्हणजे पातळ पोलादी पात्यांचा तो जुडगा, घेऊन टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली, फट मोजत बसले की हे म्हणायचे, "पाती तुमच्यासाठी. मला कान आहेत." फुशारकी होतीच, पण कमावलेली होती. त्यामुळे कोणी उलटून बोलत नसे.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, आणि आता त्यांच्या हाताखाली एकच गाडी उरली होती. घरामागच्या पत्र्याच्या शेडमधली सव्वीस वर्षांची व्हॅन. ती चालवायची त्यांची मुलगी. मुलगी जनावरांची डॉक्टर. लसींची पेटी आणि चिखलाने माखलेले गमबूट मागे टाकून आठवड्यातले चार दिवस घाटापलीकडच्या गोठ्यांवर जायची. बापाने गाडी राखायची, लेकीने चालवायची, असं न बोलता ठरून गेलेलं होतं. खरं सांगायचं तर त्या एका कामावर कानसेनांचा जीव तगून होता.

गेलं वर्षभर मात्र व्हॅनचे टॅपेट हात धुऊन त्यांच्या मागे लागले होते. टक टक टक. दर रविवारी ते कव्हर उघडायचे, इंजिन चालूच ठेवायचे आणि तेलाचे शिंतोडे अंगावर घेत नुसत्या कानाने टॅपेट लावायचे. स्क्रू केसभर आवळायचा, ऐकायचं, पुन्हा केसभर. आवाज जरा बसल्यासारखा वाटायचा आणि दोन दिवसांत परत हजर. इंजिन बंद केल्यावरही टकटक यायची. पण तापलेलं लोखंड निवताना वाजतंच, त्यात नवल काय, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

"बाबा, मला तर काहीच ऐकू येत नाही," मुलगी म्हणायची.

"तू गाईचं पोट ऐक. इंजिन माझ्याकडे राहू दे."

घरातही त्यांना चैन नव्हतं. बाहेरच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ सारखं डोक्यात ठोके घालायचं. पेपर वाचू देईना, दुपारची डुलकी घेऊ देईना. शेवटी एकदा ते बायकोवर कडाडले, तेव्हा तिने स्टूल घेऊन घड्याळ उतरवलं आणि कपाटात ठेवलं. मग त्यांना ते कपाटातून ऐकू यायला लागलं. यावर बायको एक अक्षर बोलली नाही. एरवी शब्द खाली पडू न देणारी ही बाई गप्प कशी बसली, हे कानसेनांच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.

शनिवारी दुपारी मुलगी परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पायरीवरच बसली. बूटही काढले नाहीत.

"घाटात चौथ्या वळणावर गाडीने दम सोडला," ती म्हणाली. "ॲक्सिलरेटर पार खालपर्यंत दाबला, तरी चढेना. मग बंदच पडली आणि मागे सरकायला लागली. मागे दगड भरलेला ट्रक. हँडब्रेक ओढला तरी सरकतेय. ट्रकवाला खाली उतरून मोठा दगड लावेपर्यंत मी... परत येताना उतार होता, म्हणून आले."

माणसाने आधी लेकीला पाणी द्यावं. यांनी आधी चोर शोधला.

"कोणाला दाखवली होतीस गाडी? कोणी हात लावला?"

"कोणाची टाप आहे, बाबा? तुमच्याशिवाय त्या इंजिनाला हात लावलाय कोणी कधी?"

पाणी आईने आणून दिलं. मुलगी ते घटाघटा प्यायली आणि मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "सोमवारी पहाटे मला निघायचंय. सहा गावांना लसीकरणाचं कळवून झालंय. तोवर होईल ना?"

"होईल," कानसेन म्हणाले. "उद्या बघतो."

आणि बघितलं असतं तर त्यांनी नेहमीसारखंच बघितलं असतं. पण रविवारी सकाळी ते शेडमध्ये गेले तेव्हा मुलगी आधीच तिथे उभी होती. किल्ली तिने खिळ्यावरून काढून स्वतःच्या खिशात टाकली होती, आणि हातात फिलर गेज होतं, डेपोतून निरोपाच्या दिवशी मिळालेलं. पात्यांवरचं पातळ तेल अजून तसंच होतं.

"आज मोजायचं," ती म्हणाली. "इंजिन गार आहे. तुम्ही सांगा, मी करते."

"मला शिकवतेस?"

"नाही. मी घाबरलेय."

स्टुलावर बसून ते सांगत गेले आणि ती करत गेली. तिने कव्हर काढलं. पाना खालच्या बोल्टला लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. "पिस्टन वर येताना दाब लागेल. वर आला की थांब. मग रॉकर बोटांनी हलवून बघ, किंचित खेळला पाहिजे. त्या फटीत पंचवीसची, पाव मिलिमीटरची, पाती घाल, जरा अडकत अडकत निघाली की बरोबर." पहिल्या सिलिंडरला एग्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, रॉकर खेळेना. पंचवीसची पाती आत जाईना, वीसची जाईना. दहाची कशीबशी टोकापर्यंत गेली.

"घट्ट आहे, बाबा."

"असेल एखादा."

दुसराही तसाच. तिसऱ्याला जुडग्यातली सगळ्यात पातळ पातीसुद्धा शिरली नाही. आणि आणखी एक गोष्ट तिच्या हाताला कळली. "बाकीच्यांना पाना फिरवताना जोर लागतो," ती म्हणाली, "इथे लागतच नाही. नुसताच फिरतो."

कानसेन स्टुलावरून उठले. शेकडो पोरांना त्यांनी हेच पढवलं होतं. टॅपेट ढिला झाला तर वाजतो, कानाला त्रास होतो, बाकी काही नाही. घट्ट झाला तर मात्र गप्प बसतो. आत व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, जाळ त्याच्या कडेने निसटतो आणि कड खाऊन टाकतो. मग सिलिंडरमध्ये दाब राहत नाही आणि गाडी चढावर मान टाकते. हे सगळं त्यांना स्वतःच्या हातासारखं पाठ होतं. मग घट्ट असलेला टॅपेट वर्षभर वाजत कसा होता?

त्यांनी सवयीने लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला. टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. टक टक टक. एकदम जिवात जीव आला.

"हा बघ! ऐक, ऐक! वाजतोय की नाही? मी म्हणत नव्हतो?"

मुलीने खिशातून किल्ली काढून तळहातावर ठेवली आणि त्यांच्यासमोर धरली.

"बाबा, इंजिन बंद आहे. कालपासून."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर कानापासून दूर केला. टक टक टक. इंजिनावर हात ठेवला, गारढोण. टकटक काही थांबली नाही. काहीतरी कारण असणार म्हणून ते घराच्या दिशेने ओरडले, "अगं, घड्याळ परत लावलंस का?"

बायको ओले हात पदराला पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. उघडं इंजिन, लेकीच्या हातातली किल्ली आणि नवऱ्याचा चेहरा, तिन्हीकडे तिने पाहिलं.

"कपाटात आहे," ती म्हणाली. "अहो, त्यातला सेल मी त्याच दिवशी काढला होता. वर्ष झालं त्याला."



"आई, तुला माहीत होतं?" मुलगी म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला.

"शंका होती गं. यांना काय सांगू, तुमच्या कानांत काहीतरी झालंय? दुसरं काय उरलंय यांच्याजवळ? मला वाटलं, घड्याळावर भागतंय तर भागू दे. ते गाडीवर जाईल, तुझ्या जिवावर बेतेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." आणि ती तिथेच दाराला टेकून रडायला लागली.

कानसेनांना रागवावंसं वाटलं. बायकोवर, लेकीवर, सव्वीस वर्षांच्या त्या डबड्यावर. पण राग धरायला जागाच सापडेना. समोर चौथं वळण दिसत होतं, मागे सरकणारी व्हॅन दिसत होती, आणि दर रविवारी केसभर, केसभर आवळणारा स्वतःचा हात दिसत होता.

"तिसरा जळलाय," ते म्हणाले. "मी जाळला. उद्या गाडी न्यायची नाही, बसने जा. खोलायला दुसऱ्या कोणाला तरी बोलाव." मग म्हणाले, "त्याला सांग, पातीने मोजून लाव. कानाने नको."

मुलीने त्यांच्या खांद्यावर तेलकट हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

दुपारी बायकोने स्टूल आणलं. आता लपवून काय करायचं, असं पुटपुटत तिने घड्याळात नवा सेल घातला आणि ते जुन्या खिळ्यावर अडकवलं. कानसेन समोरच्या खुर्चीत बसून सेकंदाच्या काट्याकडे बघत राहिले. काटा एकेक घर पुढे जात होता, आणि कानातली टकटक आपल्याच चालीने चालली होती, कधी काट्याच्या आधी, कधी नंतर. ते उठले, भिंतीजवळ गेले आणि कान थेट घड्याळाला लावला. ऐकू आली ती कानातलीच टकटक.

"हे वाजतंय का गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"वाजतंय, बाबा," ती म्हणाली. "मला इथून ऐकू येतंय."