खालच्या नव्वद चादरी

त्या लॉन्ड्रीच्या मॅनेजरला भिंतीवर आलेख लावायची भारी हौस. दर शनिवारी इस्त्रीवाल्या बायकांचा स्तंभालेख लागायचा. कोणी रोज सरासरी किती चादरी काढल्या, ते त्यात दिसायचं. या खेपेला सगळ्यात बुटका स्तंभ जिचा, तिला सोमवारपासून घरी बसवायचं ठरलं होतं.

आलेख काढायची ऑफिसातली आकडेवाली, आणि बुटका स्तंभ होता तिच्या थोरल्या जावेचा. पण म्हणून कोणी लगेच डोळे पुसायला घेऊ नयेत. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. भाजीत मीठ किती, यावरूनसुद्धा घरात आठवडाभर अबोला चालायचा.

पण खोटं चित्र आकडेवालीला खपत नसे. शुक्रवारी तिनं शून्यापासून आलेख काढून दिला. सगळे स्तंभ खांद्याला खांदा लावून उभे.

“यात फरकच दिसत नाही,” मॅनेजर म्हणाला.

“नाहीच आहे, तर दिसणार कुठून? सगळ्यात जास्त सरासरी शंभर, सगळ्यात कमी ब्याण्णव. सगळा विस्तार आठ चादरींचा.”

“खालचे नव्वद काप. नव्वदपासून सुरू कर.”

“मी नाही कापणार.”

“मग मी कापतो. तुझ्या खुर्चीचं नंतर बघू.”

आणि कापलेच त्यानं. शनिवारी भिंतीवर पहिली आलेली बाई ताडमाड, तर जाऊबाई तिच्या गुडघ्याच्याही खाली. जाऊबाईंनी एकदा वर पाहिलं आणि मुकाट्यानं इस्त्री फिरवायला घेतली. घरी शब्द खाली पडू न देणारी ही बाई इथं गप्प बसते, याचाच आकडेवालीला भयंकर संताप आला. ती तडक इस्त्री झालेल्या चादरी नेणाऱ्या ढकलगाडीवाल्याकडे गेली.

“आज एकही चादर उचलू नका. सुट्टी होईपर्यंत सगळं इथंच राहू द्या.”

“साहेब मला फाडून खातील.”

“माझं नाव सांगा. मला खायला त्यांनी कालच सुरुवात केलीय.”

पाळी संपली. मॅनेजर नाव जाहीर करायला आला, तर लांब टेबलावर प्रत्येकीच्या चादरींचा ढीग, ओळीनं मांडलेला. पहिल्या आलेल्या बाईनं आपला ढीग मुद्दाम जाऊबाईंच्या ढिगाला खेटून लावला होता. फरक जेमतेम चार बोटांचा.

“हा काय तमाशा आहे? गाडी भरा,” मॅनेजर म्हणाला. एकही बाई जागची हलली नाही.

“हा माझा आलेख,” आकडेवाली म्हणाली. “खालच्या नव्वद चादरी तुम्हाला मोजायच्या नाहीत ना? मग काढा त्या बाहेर आणि चुरगळून टाका आमच्यासमोर. आम्ही कोणी अडवणार नाही.”

मॅनेजरनं ढिगाकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. हात काही पुढे आला नाही.

नाव त्या दिवशी जाहीर झालंच नाही. सोमवारी जाऊबाई सगळ्यांच्या आधी येऊन इस्त्री तापवत बसल्या, आणि त्यांना ऊठ म्हणायला कोणी आलं नाही.