गांडुळाच्या नाकात दोन टाके

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची, हे त्याचं काम. कामात इतका चोख की घरी मीठ मागतानाही दोन वाक्यं मनात जुळवून मग तोंड उघडायचा. पण रविवार उजाडला की गडी गावाबाहेरच्या तलावावर, बास पकडायला. बास हा मोठ्या तोंडाचा, तापट मासा. खऱ्या भक्ष्यावर जितका चवताळून येतो, तितकाच रबराच्या खोट्या गांडुळावरही. पकडायचा, डोळे भरून बघायचा आणि सोडून द्यायचा, एवढाच खेळ. आणि त्या खेळाचे तो व्हिडिओ करायचा.

त्याच्या चॅनेलला त्रेसष्ट माणसं जोडलेली होती. त्यांतली चौदा नात्यातली. एकाने तर आपण चुकून बटण दाबल्याचं कळवलंही होतं. ‘गाठ आवळण्याआधी ओली का करावी’ हा अकरा मिनिटांचा व्हिडिओ त्यातल्या त्यात गाजलेला.

फोन धरायचं काम बायकोकडे. एका शनिवारी तिने हात वर केले. “तीन वर्षं धरतेय. पुन्हा एकदा त्या गाठीबद्दल ऐकलं ना, तर मीच पाण्यात उडी मारीन. उद्या आईला घेऊन जा.”

“आईंना?” त्याने हातातली रीळ खाली ठेवली.

सासूबाईंचं शिवणकामाचं दुकान होतं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर लावणं. जीभ कात्रीसारखी आणि अखंड चालू. अकरा वर्षांत दोघांमध्ये “बरं आहे ना?” आणि “हो, बरं आहे” यापलीकडे फारसं काही गेलं नव्हतं. आपण या बाईंना मिळमिळीत वाटतो, अशी त्याची खात्री होती.

सासूबाई मात्र एका पायावर तयार. “बघू तरी, हे जावईबापू दर रविवारी जातात कुठे!”

सकाळी त्या होडीत बसल्या तेव्हा अंगात लाइफ जॅकेट आणि मनगटावर टाचण्यांची गादी. काढायची विसरल्या होत्या. त्यांनी फोन दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि तो घसा साफ करून बोलू लागला.

“नमस्कार मंडळी. आज आपण रबरी गांडूळ गळावर कसं चढवायचं ते पाहू. गळ नाकातून आत घालायचा, थोडा खाली बाहेर काढायचा, आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात लपवायचं. म्हणजे ते पाणगवतात अडकत नाही. मासा चावला की टोक आपोआप—”

“अय्या, ही तर तुरपाई!”

“आई, मध्ये बोलू नका. आवाज येतो.”

“बरं बाई, नाही बोलत.”

दुसऱ्यांदा सुरुवात केली. “नमस्कार मंडळी—” आणि फोनमागून हळूच, “कॉलर नीट करा.” तिसऱ्यांदा त्यांना शिंक आली. सहाव्या वेळी तो शेवटपर्यंत पोचला, गळ ऐटीत फेकला, ओढून पाहिला, तर गांडूळ नाकातून फाटून गळाच्या बाकात गोळा होऊन बसलेलं.

“नेहमी असंच होतं?” सासूबाईंनी विचारलं.

“सकाळभरात सात-आठ जातात,” तो खाली मान घालून म्हणाला. तीन वर्षांत एकाही व्हिडिओत त्याने हे सांगितलं नव्हतं.

“आणा इकडे.” फोन त्यांनी मांडीवर ठेवला. गादीतली सुई काढली, पिशवीतला जाड दोरा ओवला. नवं गांडूळ गळावर चढवून त्याच्या नाकातून आणि गळाच्या वरच्या भोकातून आरपार दोन टाके घातले, गाठ मारली, दाताने दोरा तोडला. “आता जाऊ दे कुठे जातं ते.”

त्याने ओढून पाहिलं. हललं नाही. झटका दिला. तरी नाही. भिंग उजेडात धरावं तसं त्याने ते गांडूळ डोळ्यांसमोर धरलं आणि सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं.

“चुकलं का काही?”

“नाही हो, आई. हे... हे फारच छान आहे.”

त्याने गळ टाकला. त्यांनी फोन उचलला. एक, दोन, तीन... आणि काठी कमानीसारखी वाकली.

“अगं बाई! आला! ओढा, ओढा! अहो, एवढं ओढू नका, उसवेल! रीळ सैल सोडा! सोडा म्हणते ना!”

त्याने सोडलं.

“आता घ्या! हळूहळू. चुण्या घालतो तसं, थोडं थोडं!”

त्याने घेतलं. आयुष्यात इतक्या बिनचूक सूचना त्याला कुणी दिल्या नव्हत्या. मासा पाण्याबाहेर उसळला, सासूबाई किंचाळून मागे सरकल्या आणि होडीच्या तळाशी उताण्या पडल्या. मासा त्यांच्याच मांडीवर येऊन आपटला. “हा माझ्यावर का आला? याला घ्या! गुदगुल्या होतायत!”

तो घ्यायला वाकला आणि हसूच फुटलं त्याला. त्याचं हसणं म्हणजे अडलेल्या पंपासारखं: आधी नुसती हवा, मग एकदम भसाभस. ते ऐकून सासूबाईंना इतकं हसू लोटलं की मासा दोनदा हातातून निसटला. शेवटी कसाबसा पाण्यात सोडला, तेव्हा दोघंही डोळे पुसत होते.

घरी त्याने व्हिडिओ लावला. मासा सगळा मिळून अकरा सेकंद. बाकी आभाळ, एक चप्पल आणि आरडाओरडा. बायको सोफ्यावरून घसरून जमिनीवर बसली, पोट धरून. “टाक हा! आत्ताच्या आत्ता टाक!”

“फोकस कुठे आहे यात?” तो म्हणाला आणि पुसून टाकायला बोट नेलं. तेवढ्यात आभाळाच्या मागून सासूबाईंचा आवाज आला. मासा उसळण्याच्या जरा आधीचा, त्या गोंधळात त्याला ऐकूच न आलेला. पलीकडच्या होडीतल्या लोकांना त्या ओरडून सांगत होत्या: “बघितलंत का? जावई आहे हो माझा! माझा जावई!”

त्याने तो तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. बायको हसायची थांबून त्याच्याकडे बघत राहिली. चष्मा काढून त्याने उगाचच पुसला, ‘गांडुळाच्या नाकात सुई-दोऱ्याचे दोन टाके’ असं नाव दिलं, आणि व्हिडिओ जसाच्या तसा चॅनेलवर टाकला.

बुधवारपर्यंत तो चाळीस हजार लोकांनी पाहिला. दुकानात भिंगं घासता घासता तो दर दहा मिनिटांनी फोन बघे आणि एकटाच खुदकन हसे. मालकाने दोनदा येऊन तब्येतीची चौकशी केली. खाली ढीगभर प्रतिक्रिया, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न: मागून बोलणाऱ्या बाई कोण? एका म्हाताऱ्या मच्छीमाराने मात्र लिहिलं, यात नवीन काही नाही, माझे वडील घोड्याच्या केसाने हेच करायचे.

“लिहा त्यांना,” सासूबाईंनी फोनवरून सांगितलं, “म्हणावं, वडिलांचा हात चांगला होता. टाका एकेरी घालायचे की दुहेरी, तेवढं कळवा.”

सासूबाईंच्या दुकानात एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला आलं आणि जाताना गुपचूप रबरी गांडुळांचा डबा पुढे सरकवून म्हणालं, “एवढ्यांची नाकं शिवून मिळतील का?”

पुढच्या रविवारी बायकोही होडीत आली, आपणहून. ठरलं असं की सासूबाई समोर बसून शिकवणार आणि तो फोन धरणार. त्यांनी केस विंचरले, नवी साडी नेसली, आणि फोन समोर येताच दातखीळ बसली.

“बोला ना, आई.”

“काय बोलू? तिथे कोणी दिसतच नाही.”

“मग माझ्याकडे बघून बोला. समजा मला काहीच येत नाही.”

“ते समजायला सोपं आहे,” त्या म्हणाल्या, आणि गाडी सुरू झाली. आता मागून तोच थांबेना. “सुई जरा तिरकी धरा, हां! मंडळी, तो अंगठा बघा, कसा टेकवलाय!” बायकोने हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला होता.

गळ सासूबाईंनीच फेकला. पहिल्या खेपेला तो जावयाच्या टोपीत अडकला. दुसऱ्या खेपेला पाण्यात पडला आणि दोन मिनिटांत काठी त्यांच्या हातून सुटते की काय असं झालं. लेकीने त्यांची कंबर धरली, जावयाने फोन दातांत धरून जाळं घातलं, आणि तिघांनी मिळून एक दणदणीत बास वर घेतला.

“सोडा हं आता, आई,” तो म्हणाला. “जास्त वेळ बाहेर नको.”

“थांबा, माप घेऊ दे!” त्यांनी गळ्यातली टेप ओढली आणि ओलसर माशावर सराईतपणे फिरवली. “लिही गं. उंची एकोणीस. छाती चौदा. कंबर...” मासा वळवळला. “अरे सरळ उभा राहा ना मेल्या!”

माशाने शेपटीचा एक फटका हाणला, तिघांना भिजवलं आणि तो पाण्यात गेला. हेलकावणाऱ्या होडीत तिघं एकमेकांना धरून हसत होते. जावयाचा पंप चालू झाला होता. टेप पिळत सासूबाई काठावरून वाकल्या आणि पाण्यात ओरडल्या, “अहो, ट्रायलला गुरुवारी या!”