रबरी पट्टा

तुळशीरामाच्या मनगटावर सोन्याचं स्विस घड्याळ आलं आणि त्याच्या बापानं तो हात झिडकारला.

खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगात तुळशीराम वजनकाट्यावर होता. तिथले म्हातारे मॅनेजर नोकरी सोडून मुंबईला निघाले, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर आपलं घड्याळ काढून त्याच्या हातात बांधलं. “हा काट्यावरचा खरा माणूस,” असं म्हणाले. तुळशीराम तसाच मोटार पकडून अमडापूरला घरी आला. त्याचा बाप पुंजाजी. त्याला आता डोळ्यांनी दिसत नव्हतं. पण घड्याळावर हात फिरवता आला असता, कानाशी धरता आलं असतं. पोरानं काय कमावलं ते बापानं एकदा हातानं पाहावं, एवढंच तुळशीरामाला हवं होतं.

म्हाताऱ्याची बोटं पट्ट्याला लागली आणि विंचू चावल्यासारखी मागे आली.

“चामडं हाय?”

“घड्याळाचा पट्टा हाय, बा. साहेबलोकायचा असाच असते.”

“साहेबलोकायनं ढोरं ओढली नाही ना!”

पुंजाजीनं अर्धी हयात गावची मेलेली ढोरं ओढली होती, सोलली होती. नागपूरहून दीक्षा घेऊन आला त्या दिवशी त्यानं सुरी मोडून फेकली आणि घरात चामड्याचा तुकडा येणार नाही असं सांगून टाकलं. तेव्हापासून तो टायरच्या चपला घालायचा. त्या चपलांकडे पाहूनच तुळशीरामाला सुचलं, की पट्टा रबराचा घालावा.

दुसऱ्या दिवशी तो चिखलीला गेला. घड्याळवाल्याकडे रबराचा एकच पट्टा होता, काळा, पोहणाऱ्यांसाठी केलेला.

“सोन्याच्या घड्याळाले रब्बर?” दुकानदार हसला. “नवरदेवाले लंगोट नेसवून राह्यला काय बे?”

“तुम्ही बसवून द्या.”

“रुंद पडते तो. सोनं खरचटलं तं मले बोलशील. घरी नेऊन बसव.”

घरी आल्यावर तुळशीराम दारातल्या उजेडात बसला. घड्याळाच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी दोन-दोन कान असतात. प्रत्येक दोन कानांच्या मधोमध एक बारीक नळी बसते आणि ती पट्ट्याच्या टोकातून जाते. नळीच्या पोटात स्प्रिंग असते. टोकं दाबली की आत जातात, सोडली की कानांच्या भोकांत शिरतात. सांगायला सोपं. पण पट्टा रुंद, आणि रबर जाड. त्यानं ब्लेडनं कडा कातरल्या. एक बाजू जास्त गेली, म्हणून दुसरी कातरली, तर पट्टा तिरका झाला. नळी एका कानात शिरली की दुसऱ्यातून सटकायची. एकदा उडून सरळ चुलीच्या राखेत गेली. राख चाळून काढली, तर स्प्रिंग करकरायला लागली. सुईनं दाबता दाबता सुई घसरली आणि सोन्यावर लांब ओरखडा उठला. तुळशीराम त्या ओरखड्यावरून अंगठा फिरवत राहिला, जणू तो पुसला जाणार होता.

“राहू द्या ना,” विमल म्हणाली. ती त्याची बायको.

“राहू कसं देऊ?”

तिनं बैलगाडीच्या वंगणातलं एरंडीचं तेल आणून दिलं. “हे लावून पाहा. सरकंल.”

तेलानं खरंच सरकलं. टिक् करून नळी बसली, मग दुसरीही. पट्टा वाकडा दिसत होता, पण सुटत नव्हता. तुळशीराम उठला तो थेट बापाच्या खाटेपाशी गेला.

“बा, काढून टाकलं चामडं. रब्बर बसवलं. हात लाव.”

पुंजाजीनं हात लावला. इतका वेळ घामेजल्या हातात घोळून पट्टा कोमट, मऊ झाला होता. म्हाताऱ्यानं बोटं नाकाशी नेली.

“एरंडी,” तो म्हणाला. “चामड्याची मोट ह्याच तेलानं मऊ करत.”

“मामाजी, तेल म्याच देल्लं,” विमल घाईनं म्हणाली. “रब्बरच हाय ते.”

“तू त्याचीच बायको.”

तुळशीरामानं कातरलेले तुकडे गोळा केले आणि विस्तवावर टाकले. काळा, घाण धूर घरभर झाला. “घे वास! चामडं असं जळते काय?”

म्हातारा खोकला. “आता माही चप्पल जाळली काय बे?”

विमलला हसू फुटलं. नवऱ्याचं तोंड पाहून ते तिथंच विरलं.

“घालायचं तं घाल चामडं,” पुंजाजी शांतपणे म्हणाला. “पोटासाठी म्याबी केलं. पण आंधळा झालो म्हणून मले फसवतं? काऊन?”

खरं होतं तेवढं सगळं तुळशीरामानं सांगून टाकलं होतं. आणखी खरं आणायचं कुठून?

त्यानं घड्याळ काढून फळीवर ठेवलं. एरंडीचा वास जावा म्हणून राखेनं, मग मातीनं हात घासले. धुरानं बापाचा घसा सुकला होता, म्हणून गडवाभर पाणी घेऊन तो खाटेशी उभा राहिला.

“बा, पाणी.”

पुंजाजीनं तोंड भिंतीकडे केलं.

“विमल,” तो म्हणाला, “बाई, मले पाणी दे.”

विमलनं नवऱ्याकडे पाहिलं. मग त्याच्या हातातला गडवा घेतला आणि म्हाताऱ्याच्या ओठांना लावला.