अण्णांची घोषणा आणि खिळ्यावरचा मी

मी फोन बोलतोय. हो, मीच! एरवी माझ्यातून सगळं जग बोलतं, पण मला काय वाटतं ते कोणी विचारत नाही. कपडे रंगवून देणाऱ्या एका छोट्या दुकानात, रंगाच्या पिंपाशेजारी, खिळ्याला अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत माझा मुक्काम असतो. खोक्यातून निघालो तेव्हा चांगला चकचकीत काळा होतो. आता कडेला निळा, पाठीवर किरमिजी, आणि काचेला आडवी चीर, असा सगळा अवतार आहे.

मालकीणबाईंचे हात दिवसभर कोपरापर्यंत रंगात. कोणाचे विटलेले पडदे, कोणाची डाग पडलेली पँट. मला उचलणार कशानं? म्हणून दुकानात एक पद्धतच पडली होती. मी वाजलो की जवळ असेल त्यानं बटण दाबून स्पीकर लावायचा, आणि मेसेज आला की मोठ्यानं वाचून दाखवायचा.

जवळ असायचे ते बहुतेक त्यांचे सासरे, अण्णा. अण्णांचा उभा जन्म बस स्थानकावर घोषणा करण्यात गेलेला. नोकरी सुटली, पण आवाज काही सुटला नाही. "कृपया लक्ष द्या! पडदेवाल्या बाई विचारतात, हिरवा रंग धुतल्यावर जाईल का? कृपया लक्ष द्या!" रस्त्यानं जाणारी माणसंसुद्धा थबकायची. मालकीणबाई खुदकन हसायच्या आणि तिथूनच ओरडायच्या, "नाही जाणार म्हणावं!"

मुलगा गेल्यापासून अण्णा घरात फारसं बोलत नसत. जे काही बोलायचे ते दुकानात, माझ्याकडे बघून. आणि घर चालायचं ते याच दुकानावर. गिऱ्हाईक कपड्याचा फोटो माझ्यावर पाठवायचं, मालकीणबाई रंग सुचवायच्या, आणि समोरचा डोळे झाकून आगाऊ पैसे पाठवायचा. इतका त्यांच्या शब्दाला मान होता.

त्या दुपारी एक गोडबोल्या फोनवर आला. "ताई, मोठ्या हॉटेलचे पडदे आहेत. सगळेच्या सगळे तुम्हालाच द्यायचेत." मालकीणबाईंचे डोळे चमकले. मला मात्र तो आवाज पहिल्यापासूनच आवडला नव्हता. इतकी घाई खऱ्या गिऱ्हाइकाला नसते हो!

"ऑर्डर नोंदवलीय, ताई. आता तुम्हाला एक नंबर आला असेल, तो..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्यावर मेसेज झळकला. सहा आकडे, आणि खाली स्पष्ट लिहिलेलं, 'हा कोड कोणालाही सांगू नका.' अण्णांनी चष्मा सावरला. "कृपया लक्ष द्या!" म्हणाले आणि एकेक आकडा ठणठणीत आवाजात वाचला. अगदी दोनदा. खालची ओळ वाचेपर्यंत पलीकडून फोन बंद झाला होता.

दुकानाचं मेसेजचं खातं माझ्यावरून क्षणात नाहीसं झालं. आत कोणी शिरलं होतं ते मला कळत होतं, पण मी काय करणार? मला ना हात ना पाय.

थोड्या वेळानं शेजारचे शिंपीकाका धापा टाकत आले. "अहो ताई, तुम्ही इथे कशा? तुमचा अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा, असा मेसेज आलाय तुमच्याच खात्यावरून!"

मालकीणबाई मटकन खाली बसल्या. "लोक पाठवतील हो काका, माझं नाव बघून पाठवतील!" आणि अण्णा? एवढा खणखणीत माणूस, पण आवाज पार खाली गेला. "सूनबाई, मीच गं... मीच घालवलं सगळं," एवढंच कसंबसं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मालकीणबाईंनी डोळे पुसले. गालावर निळा ओरखडा उठला. मला पिशवीतून काढून त्यांनी अण्णांच्या हातात ठेवलं. "नंबर सगळे आहेत यात. एकेकाला फोन लावा आणि सांगा. तुमच्या आवाजात सांगा, अण्णा. तो आवाज सगळे ओळखतात. लाज वाटून गप्प बसलो तर तो चोर आणखी दहा जणांना लुबाडेल."

अण्णांनी पहिला फोन लावला. "कृपया लक्ष द्या..." आवाज फाटला. त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा सुरुवात केली. "रंगाच्या दुकानातून बोलतोय. तो मेसेज खोटा आहे. पैसे पाठवू नका!" संध्याकाळपर्यंत मी तापून लाल झालो, पण तक्रार केली नाही. शिंपीकाकांच्या फोनवरून मालकीणबाईंनी बँकेला आणि पोलिसांना कळवलं.

तरी एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे पैसे गेलेच. मालकीणबाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. बाई म्हणाल्या, "अगं, फसवणारा वेगळा आणि तू वेगळी. माझे पडदे कधी देतेस ते सांग!"

खातं परत मिळायला आठवडा लागला. आता त्याला आणखी एक गुप्त पिन आहे, तो फक्त मालकीणबाईंना ठाऊक. पैशाचे व्यवहार नव्या फोनवर, तो त्यांच्याच कपाटात असतो. मी आता नुसता गप्पांचा गडी, आणि खरं सांगायचं तर सुखी आहे. तुम्हीही आपल्या फोनचं एवढं ऐका. कोणी घाई केली की फोन ठेवा, आणि मग ओळखीच्या नंबरावर आपणहून लावा.

अण्णांनी मात्र वाचणं सोडलं होतं. मी वाजायचो, ते मान फिरवायचे. दुकान ओकंबोकं वाटायचं. माझी बॅटरी आता धड टिकत नाही, माझे दिवस भरत आलेत. जायच्या आधी तो आवाज एकदा ऐकायला मिळावा, एवढीच माझी इच्छा होती.

काल माझ्यावर पुन्हा सहा आकडे झळकले. अण्णा उठले. चष्मा सावरला. या वेळी खालची ओळ आधी मनातल्या मनात वाचली. मग त्यांनी मला उलटं करून पिशवीत ठेवलं, छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे गरजले,

"कृपया लक्ष द्या! सूनबाईंसाठी मेसेज आलेला आहे. तो त्यांनी हात धुऊन स्वतः वाचावा!"